पाचवे शील आणि मेंदूतल्या पेशी

मुंबईहून रात्री निघालेली एस.टी. पहाटे पोलादपूरच्या स्टँडवर थांबते. समजा, त्या गाडीतून एक माणूस उतरतो. वय पस्तीसच्या आसपास, गाव वर घाटात कुडपणच्या बाजूला, मुंबईत हमालीचे काम. तीन महिन्यांपूर्वी घरच्यांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले होते. तेव्हापासून त्याने थेंबही घेतलेला नाही. भीमजयंतीसाठी गावी चालला आहे. पिशवीत आईसाठी पांढरे पातळ आहे, पोरांसाठी खाऊ आहे.

गावाकडे जायच्या गाडीला अजून वेळ आहे. त्याची नजर स्टँडमागच्या गल्लीकडे जाते. दहा वर्षे दर सुट्टीत घाट चढण्याआधी तो मित्रांबरोबर तिथेच बसायचा. आता दुकान बंद आहे, मित्र नाहीत, कुणी हाक मारलेली नाही. तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटते, छाती धडधडू लागते आणि डोक्यात एकच विचार घुमतो, ‘एकच घोट.’ संध्याकाळी तो घरी पोचतो तेव्हा पाय लटपटत असतात.

आई म्हणते, “विहारात सगळ्यांसमोर हात जोडून शील घेतलंस. तीन महिने नीट राहिलास. मग आज काय झालं रे?” शेजारी म्हणतात, “ह्याला लाजच नाही.” रात्री अंथरुणावर पडल्यावर तोही स्वतःला तेच म्हणतो.

हा माणूस कल्पनेतला आहे. पण असा कुणीतरी आपल्या वस्तीत, कदाचित आपल्या घरात आहे. आईने विचारलेल्या प्रश्नाला आज विज्ञानाकडे बऱ्यापैकी उत्तर आहे. ते समजले तर आपण त्या माणसाशी कसे वागायचे, हेही बदलेल. म्हणून या वेळचे आरोग्य पान त्या उत्तरासाठी.

मेंदूतली वस्ती

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. वस्तीत जसे गवंडी, सुतार, शिक्षिका, सफाई कामगार, परिचारिका आपापले काम करतात, तशी या पेशींतही कामाची विभागणी आहे. काही पेशी पुढच्या पेशीला जागे करतात, काही गप्प करतात, काही आठवण जपतात. नशेचा पदार्थ साऱ्या मेंदूवर सारखा परिणाम करत नाही. ठराविक पेशींच्या ठराविक कुलपांत त्याची किल्ली बसते.

यात सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे डोपामिन नावाचे रसायन सोडणाऱ्या पेशी. मेंदूच्या तळाशी मध्यभागी त्यांचा लहानसा पुंजका आहे. एवढ्या मोठ्या मेंदूत त्या अवघ्या काही लाख आहेत. पण त्यांचे धागे लांबवर पसरलेले असतात. भुकेल्याला भाकरी मिळाली, तहानलेल्याला पाणी मिळाले, पोराने येऊन गळ्यात हात टाकले, की या पेशी डोपामिन सोडतात. त्यांचा निरोप साधा असतो: ‘हे चांगले आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर.’ या पेशी नसत्या तर जीव जगला नसता.

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. उंदराने कळ दाबली की मेंदूच्या ठराविक भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर तासाला शेकडो वेळा ती कळ दाबत राहिले. मेंदूत असा मार्ग आहे आणि तो बाहेरून चेतवता येतो, हे तेव्हा प्रथम दिसले. नशेचे पदार्थही हाच मार्ग चेतवतात, तेही भाकरीपेक्षा कितीतरी जोरात.

पोलादपूरच्या स्टँडवर काय घडले, ते दुसऱ्या एका प्रयोगातून कळते. १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींचे संदेश मोजले. माकडाला फळाचा रस मिळाला की पेशी जाग्या होत. पुढे रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी रसाच्या वेळी गप्प राहू लागल्या आणि दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या. म्हणजे वस्तूपेक्षा तिची खूण मोठी झाली. व्यसनी माणसाच्या बाबतीत ती गल्ली, तो मित्र, पगाराचा दिवस, हळदीच्या रात्रीचा डीजे हे सारे असेच दिवे असतात. बाटली समोर येण्याआधीच पेशी पेटलेल्या असतात.

ढकलणाऱ्या पेशी, थांबवणाऱ्या पेशी

डोपामिनचे धागे मेंदूच्या पुढच्या भागात तळाशी असलेल्या एका केंद्रात जातात. त्याला ‘न्यूक्लियस ॲक्युम्बन्स’ म्हणतात. तिथल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक पेशी दोन प्रकारच्या आहेत. एका प्रकारावर ‘डी-१’ नावाचे कुलूप असते, दुसऱ्यावर ‘डी-२’. ढोबळपणे सांगायचे तर डी-१ पेशी म्हणतात ‘जा, घे’ आणि डी-२ पेशी म्हणतात ‘थांब’. घाट उतरणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरला जसे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही लागतात, तसेच हे. रोजच्या कामात दोन्ही पेशी मिळूनच वागणूक ठरवतात.

२०१० साली अमेरिकेत मेरी के लोबो, एरिक नेस्लर आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या या दोन प्रकारच्या पेशी प्रकाशाच्या साह्याने वेगवेगळ्या जाग्या करून पाहिल्या. डी-१ पेशी जाग्या केल्यावर कोकेनची ओढ वाढली. डी-२ पेशी जाग्या केल्यावर ती कमी झाली. पदार्थ तोच, पण कोणत्या पेशी बोलतात यावर ओढ ठरली.

डोपामिन डी-१ पेशींना चेतवते आणि डी-२ पेशींना दाबते. नशेने डोपामिनचा लोंढा आला की ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि ब्रेकवरचा पाय सुटतो, दोन्ही एकाच वेळी. हे वर्षानुवर्षे घडले तर मेंदू बदलतो. नोरा वोल्कोव यांनी माणसांच्या मेंदूची चित्रे काढून दाखवले, की दीर्घकाळ नशा करणाऱ्यांच्या मेंदूत डी-२ ची कुलपे कमी भरतात. ब्रेक झिजलेला असतो. त्यातच आवडीचे जेवण, पोरांचे हसणे, जयंतीची मिरवणूक यांतला आनंदही फिका पडतो. घरच्यांना वाटते, याला आमची माया उरली नाही. पण मायेचा निरोप पोचवणारा रस्ताच उखडलेला असतो.

प्रत्येक नशेची वाट वेगळी

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, अफूपासून बनते. डोपामिन पेशींवर राखण करणाऱ्या काही पेशी असतात. त्या ‘गाबा’ नावाचे रसायन सोडून डोपामिन पेशींना आवरून धरतात. अफूचे पदार्थ या राखणदारांनाच झोपवतात. राखणदार झोपला की गुरे शेतात शिरणारच. हेच पदार्थ श्वास चालवणाऱ्या पेशींनाही मंद करतात. काही आठवडे गर्द बंद ठेवून माणसाने पुन्हा जुन्याच मापाने घेतला, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो, कारण शरीराची सवय तोवर मोडलेली असते.

एमडी थेट डोपामिन पेशींच्या टोकांवर काम करते आणि साठवलेले डोपामिन बाहेर ओतायला लावते. म्हणून ‘एकदाच घेऊन बघ’ हे वाक्य तरुण पोरांसाठी फार महाग पडते. विचार करून ‘नको’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. सोळाव्या वर्षी ॲक्सिलरेटर तयार असतो, ब्रेक अजून घडत असतो.

तंबाखू आणि मिश्रीतले निकोटिनही डोपामिन पेशी चेतवते. पण मेंदूत ‘हॅबेन्युला’ नावाची एक लहानशी जागा आहे. जास्त निकोटिन झाले की तिथल्या पेशी ‘आता पुरे’ असा निरोप देतात. २०११ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात या पेशींवरचे एक ठराविक कुलूप काढून टाकले, तेव्हा ‘पुरे’चा निरोप गेला नाही आणि उंदीर जास्त जास्त निकोटिन घेत राहिले. आपल्याकडे दारूला व्यसन म्हणतात आणि आजीच्या मिश्रीला सवय म्हणतात. मेंदूला हा फरक कळत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगालाही कळत नाही.

दारूची चाल दुहेरी आहे. ती शांत करणाऱ्या गाबाचे काम वाढवते आणि जागे ठेवणाऱ्या रसायनाचे काम दाबते. शिवाय शरीरातच बनणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांमार्फत डोपामिनही वाढवते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल साधण्यासाठी उलटा जोर लावून बसतो, भरलेला दरवाजा आतून रेटून धरावा तसा. दारू अचानक बंद झाली की समोरचा दाब जातो आणि मेंदू उसळतो. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम होऊ शकतात. यात जीवही जातो.

पेशींना जात नसते

‘अमुक लोक दारुडेच,’ असे आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवून बोलणारे अजून भेटतात. त्यांना हे सांगा. डोपामिनच्या पेशी बंगल्यातल्या माणसात आणि झोपडीतल्या माणसात सारख्याच आहेत. व्यसनाचा धोका थोडा आनुवंशिक असतो हे खरे. दारूच्या बाबतीत तो साधारण निम्मा धरतात. पण तो घराण्यातून येतो, जातीतून नाही. उरलेला निम्मा भोवतालातून येतो: दारू किती जवळ मिळते, किती लहान वयात हातात पडते, काम किती अंग मोडणारे आहे, मनावर काय घाव आहेत.

भोवताल किती मोठा असतो, हे व्हिएतनाम युद्धात दिसले. तिथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. संशोधक ली रॉबिन्स यांनी ते मायदेशी परतल्यावर त्यांचा पाठपुरावा केला. बहुतेकांचे व्यसन परत सुरू झाले नव्हते. जागा बदलली, माणसे बदलली, खुणा गेल्या. आपला माणूस मात्र केंद्रातून सुटून त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परततो. मग आपण म्हणतो, केंद्राचा काही उपयोग झाला नाही.

अजून एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. २००१ साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसले, की कोकेन बंद झाल्यावर खुणेने जागी होणारी ओढ पहिल्या दिवसापेक्षा दोन महिन्यांनी जास्त होती. म्हणून ‘दोन महिने झाले, आता काळजी नाही’ असे समजून माणसाला एकटे सोडू नये. पण निराशही होऊ नये. त्याच वर्षी नोरा वोल्कोव यांच्या गटाने दाखवले, की मेथॲम्फेटामाइन सोडून वर्ष उलटलेल्या माणसांत डोपामिन पेशींची झालेली हानी बरीच भरून आली होती. मेंदू भरून येतो. त्याला महिने नव्हे, वर्ष-दीड वर्ष द्यावे लागते.

धम्माची वाट

भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पादात जी साखळी सांगितली, तिचे चार दुवे इथे आठवतात: स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान. डोळ्यांना गल्ली दिसली, हा स्पर्श. छाती धडधडली, ही वेदना. ‘एकच घोट’ ही तृष्णा. बाटली हातात घट्ट धरली, हे उपादान. वेदना आणि तृष्णा यांच्या मधे जी फट आहे, तिथे सजग राहायला धम्म शिकवतो. दारूची ओढ लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ श्वासाकडे लक्ष देत बसणे, पाणी पिणे, तिथून उठून चालू लागणे, कुणाला तरी फोन लावणे, याला फार किंमत आहे. सजगतेवर आधारलेल्या उपचाराचा २०१४ साली अमेरिकेत अभ्यास झाला. तो घेतलेल्यांचे वर्षभरानंतर नशेचे दिवस इतरांपेक्षा कमी होते. आनापान हा औषधाला पर्याय नाही, पण सोबत चांगली आहे.

पाचवे शील आपल्याला नशेच्या वाटेवर पाऊलच टाकू नका असे सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पेशींचे शास्त्र पाहिले की हा सल्ला किती खोल आहे ते कळते, कारण ब्रेक शाबूत असतानाच ‘नको’ म्हणणे सोपे असते. पण ज्याचा ब्रेक झिजला आहे, त्याला नुसते शील आठवून देऊन भागत नाही. पाय मोडलेल्याला आपण चालण्याचा उपदेश करत नाही, आधी प्लास्टर घालतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्यसन हा आजार आहे, म्हणून मारहाण माफ होत नाही. बायकोवर हात उगारणारा ‘माझ्या पेशी तशा आहेत’ असे म्हणू शकत नाही. उपचार घेणे ही त्याचीच जबाबदारी आहे. जिवाला धोका असेल तर बाईने १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. सहन करत राहणे हा त्याच्यावरचा उपचार नव्हे.

घरच्यांनी काय करावे

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकाएकी बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. थरथर, फिट, भ्रम टाळण्यासाठी औषधे असतात आणि ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर थांबू नका, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीवर दिसतात. भाजीत, चहात कसलीही पूड मिसळू नका. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात, पण ती रुग्णाला सांगून, तपासण्या करून. ती नकळत पोटात गेली आणि वर माणूस प्यायला, तर प्राणावर बेतू शकते.

ओढ कमी करणारी औषधेही आहेत. नाल्ट्रेक्सोन अफूसारख्या द्रव्यांची कुलपे बंद करते, त्यामुळे घोट घेतला तरी पूर्वीची मजा येत नाही. अकॅम्प्रोसेट मेंदूतला बिघडलेला तोल सावरते. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. कोणते औषध कुणाला, हे यकृत आणि बाकी प्रकृती पाहून डॉक्टरच ठरवतात. ‘एक नशा सोडून दुसरी गोळी लावली’ असे म्हणून औषध बंद पाडू नका.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दिसले, की देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. बाकीचे सदतीस घरात, वस्तीत, लाजेखाली दडलेले आहेत.

महाड-पोलादपूरच्या माणसाने सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करावी. पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. ठाणे, पुणे आणि रत्नागिरी इथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने पोरे खाल्ली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ते सुरू केले. व्यसनी माणसाला शिव्या न देता, मारहाण न करता बरे करायचे, ही तिथली रीत. उपचार संपल्यावरही पाठपुरावा करत राहायचा आणि घरच्यांनाही सोबत घ्यायचे, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. मोफत सल्ल्यासाठी १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही मोफत असतात. तिथे ईश्वराचे नाव येते म्हणून काही बौद्ध बांधव संकोचतात. पण ती संघटना स्वतःच म्हणते, की ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे आधार घ्यावा. आपण तिथे संघाचा आधार मानावा.

विहाराने काय करावे

शील घेऊन पुन्हा घसरलेला माणूस विहाराची पायरी चढायला लाजतो. त्याला बोलवा. वंदनेला बसवा, चटया उचलायला सांगा, जयंतीचा हिशेब लिहायला द्या. रिकामा वेळ आणि एकटेपणा या दोन्ही मोठ्या खुणा असतात. जयंतीच्या, लग्नाच्या मिरवणुकीत दारू चालणार नाही, हे मंडळाने आधी ठरवावे आणि पाळावे. बरा होणाऱ्या माणसासाठी ती मिरवणूकच सर्वांत अवघड घाट असतो.

महाडला १९२७ साली आपल्या आजे-पणज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कुणीही एकटा नव्हता. सारे मिळून तळ्याकडे चालत गेले होते.

म्हणून पुन्हा त्या पहाटेकडे येऊ. एस.टी. पोलादपूरला थांबते, तो माणूस उतरतो. गल्ली तीच आहे, पेशीही त्याच आहेत. पण या वेळी त्याचा धाकटा भाऊ आधीच्याच गाडीने येऊन स्टँडवर उभा आहे. तो पिशवी हातात घेतो आणि म्हणतो, “चल दादा, चहा घेऊ. आई वाट बघते.” चहा संपेपर्यंत ती लाट ओसरलेली असते.

जयभीम.